ट्यूबलेस एमटीबीची हवा रोज थोडी थोडी उतरते? आधी बुडबुडा शोधा, मग टायर उतरवा

रात्री टायर टणक असतं, सकाळी अंगठ्याने दाबलं की दबतं. पंप मारून निघालं तर दिवसभर काही त्रास नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काटा दिसत नाही, फुसफुस ऐकू येत नाही. परतवाडा, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यातून दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक ट्यूबलेस एमटीबींची, म्हणजे टायरमध्ये ट्यूब नसलेल्या माउंटन बाइक सायकलींची, तक्रार हीच असते. आणि बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधीच टायर उतरवून, पुसून, परत चढवलेलं असतं. तिथेच घोळ होतो. टायर उतरवलं की गळती कुठे होती याचा पुरावाच निघून जातो. म्हणून खालचा क्रम पाळा. यातल्या पहिल्या तीन-चार तपासण्यांना फारसा पैसा लागत नाही, आणि बरीचशी चाकं तिथेच दुरुस्त होतात.

लक्षणं

हवा किती वेगाने आणि कधी उतरते, यावरून निम्मा रोग कळतो.

आठवड्याला दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होत असेल तर तो बिघाड नाही. रबरातून हवा झिरपतेच. नवं टायर बसवल्यावर पहिले काही दिवस जरा जास्त झिरपते, मग सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात तो पातळ द्रव, आतून बसलं की कमी होते.

चालवताना टिकते पण उभी ठेवली की उतरते, असं असेल तर सीलंट संपत आलं आहे. चाक फिरताना उरलेसुरले थेंब सगळीकडे पोचतात. सायकल उभी राहिली की ते तळाशी जमतात आणि वरच्या बाजूचं बारीक भोक उघडं पडतं.

स्पोकच्या निपलजवळ (स्पोक रिमला धरून ठेवणारा बारीक नट) पांढरा ओघळ किंवा वाळलेली पापडी दिसली तर संशय रिम टेपवर, म्हणजे रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीवर. साइडवॉलवर घामासारखे ओले ठिपके दिसले तर टायरची बाजू झिरपते आहे. टायर आणि रिम यांच्या सांध्यात ओलसर रेघ असेल तर टायरची कड, म्हणजे बीड, नीट बसलेली नाही.

वळणावर किंवा दगडावर आदळल्यावर एकदम 'फुस्स' होऊन थोडी हवा जाते, ती गोष्ट वेगळी. ते हवा फार कमी भरल्यामुळे होतं. पण त्या क्षणी कडेत माती शिरली तर त्यातूनच पुढे हळू गळती सुरू होते, हे ध्यानात ठेवा.

खरंच उतरते का?

आधी टायर आणि रिम दोन्हीवर 'ट्यूबलेस रेडी' असं लिहिलं आहे का ते वाचा. आमच्याकडे साध्या रिमवर टेप लावून ट्यूबलेस करून दिलेल्या बऱ्याच सायकली दिसतात. त्या रिममध्ये कड धरून ठेवणारा खाचेचा आकारच नसतो. अशा चाकाची हवा उतरणं हा दुरुस्त करण्याजोगा बिघाड नाही, आणि उतारावर टायर रिममधून निसटण्याचा धोकाही असतो. त्यात ट्यूब टाका.

दोन्ही ट्यूबलेस रेडी असतील तर हवा मोजा. अंगठ्याचा भरवसा धरू नका. मोठ्या पंपावरचा काटा 160 पीएसआयपर्यंतचा असतो, त्यावर 20 आणि 24 मधला फरक नीट कळत नाही. लहान डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा. मोजायची वेळही तीच ठेवा, कारण आपल्याकडे थंडीच्या दिवसांत दुपार आणि पहाट यांच्यात सहज वीस अंशांचा फरक पडतो. दुपारी 30 अंशांना 22 पीएसआय भरलेलं टायर पहाटे 10 अंशांना साधारण अडीच पीएसआय कमी दाखवतं. एक थेंबही हवा बाहेर गेलेली नसते. डिसेंबरात येणाऱ्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटतात.

घाटाचंही तसंच. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात तर साधारण सातशे मीटर वर चढता. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेज सुमारे एक पीएसआय जास्त दाखवतो. पण वर गारवाही असतो, तो आकडा खाली ओढतो. प्रवासात मोजून निष्कर्ष काढू नका. घरी, सावलीत, सकाळी मोजा, आणि सलग तीन सकाळी मोजा.

व्हॉल्व्ह

सगळ्यात सोपी जागा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या टोकाची छोटी चकती पूर्ण बंद आहे का बघा. मग टोकावर थुंकीचा थेंब लावा आणि मिनिटभर थांबा. बुडबुडा फुगला तर कोर गळतो आहे. कोर म्हणजे आतली काढता येणारी दांडी. तिला दोन सपाट बाजू असतात, तिथे लहान पाना लावून पाव फेरा घट्ट करा. पुष्कळदा पंपाचं तोंड फिरवून काढताना कोर सैल होतो.

घट्ट करूनही गळत असेल तर कोर काढून कोमट पाण्यात धुवा. वाळलेलं सीलंट त्याच्या रबरी सीलवर चिकटलेलं असतं, त्यामुळे तो पूर्ण मिटत नाही. पंप मारताना जोर लागत असेल, हवा आत जातच नसेल, तर तेच कारण. नवा कोर स्वस्त मिळतो, दोन आणून ठेवा. तुमचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड, म्हणजे श्रेडर असेल, तर त्याची पिन गावातल्या कोणत्याही पंक्चरच्या दुकानात मिळते.

व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिमजवळ, एक गोल नट असतो. तो हाताने घट्ट करा, फक्त हाताने. पक्कड लावली की आतलं रबर एका बाजूला सरकतं किंवा टेप फाटते, आणि गळती वाढते. शिवाय मेळघाटात कुठे टायर फाटलं आणि ट्यूब टाकायची वेळ आली, तर तो नट हाताने सुटला पाहिजे. सेमाडोहच्या पुढे पक्कड मागायला कोणी भेटत नाही.

साबणाचं पाणी

चाक धुऊन कोरडं करा. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, साधारण 30 पीएसआय भरा. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्यांपैकी जो लहान असेल त्याच्या आतच राहा. भांड्यांचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने किंवा फवाऱ्याने लावा. क्रम असा: व्हॉल्व्हचं टोक, व्हॉल्व्हचं बूड, टायरचा रस्त्याला लागणारा भाग, दोन्ही साइडवॉल, दोन्ही बाजूंची कड, प्रत्येक निपल, आणि शेवटी रिमचा जोड. तो बहुतेक रिममध्ये व्हॉल्व्हच्या बरोबर समोर असतो.

घाई करू नका. हळू गळतीचा बुडबुडा फुटत नाही, बारीक पांढरा फेस हळूहळू वाढत जातो. प्रत्येक भाग दोन मिनिटं नीट बघा. सापडला की तिथे मार्करने खूण करा.

काहीच सापडलं नाही तर चाक सायकलमधून काढून बैलांच्या हौदात किंवा मोठ्या घमेल्यात उभं धरा आणि हळूहळू फिरवा. हब पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर बेअरिंगमध्ये पाणी जाईल. पाण्यातून वर येणारी एकेक बुडबुड्याची माळ कुठून निघते ते बघा.

बुडबुडा टायरवर किंवा कडेवर असेल तर गळती तिथेच आहे. पण तो निपलमधून येत असेल तर गळती त्या निपलपाशी असेलच असं नाही. टेपमध्ये कुठेही भोक असलं तरी हवा रिमच्या पोकळीत शिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते: निपल, रिमचा जोड, व्हॉल्व्हचं भोक, कुठूनही. व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर गळत असेल तरीही हवा त्याच पोकळीत जाते आणि निपलमधूनच निघते. दोन्हीतला फरक ओळखायची युक्ती अशी: निपलवर फेस येत असताना व्हॉल्व्ह बोटाने एका बाजूला दाबून धरा. फेस वाढला किंवा थांबला तर दोष व्हॉल्व्हच्या रबराचा. काहीच फरक पडला नाही तर टेपचा. एवढी एक तपासणी केली तर विनाकारण टेप बदलण्याची मेहनत वाचते.

सीलंट

आपल्या भागातलं हे सगळ्यात मोठं कारण आहे. बाटलीवर दोन ते सहा महिने लिहिलेलं असतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या वर जातो तेव्हा, तो हिशोब चालत नाही. टिनाच्या शेडखाली उभ्या सायकलीतलं सीलंट मे महिन्यात फार लवकर वाळतं. पाणी उडून जातं आणि आत नुसत्या रबराच्या गोळ्या व पापुद्रे उरतात. मार्च ते जून दर महिन्याला बघा, इतर वेळी दोन महिन्यांनी. सायकल टिनाखाली ठेवू नका, घरात ओट्यावर सावलीत ठेवा.

बघायचं कसं? व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून हवा सोडा आणि कोर काढा. मग चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, पाच मिनिटं थांबा, आणि खराट्याची बारीक काडी व्हॉल्व्हमधून टायरच्या तळापर्यंत घाला. काडी पातळ दुधासारख्या द्रवाने भिजून आली तर ठीक. कोरडी आली किंवा तिला चिकट तार लागली तर सीलंट संपलं. हे करताना सायकलीवर भार टाकू नका, कड रिमवरून सुटेल.

भरायचं असेल तर 27.5 इंची चाकाला साधारण 80 ते 100 मिली, 29 इंचीला 100 ते 120. आमच्या काटेरी रस्त्यांना मी वरचाच आकडा धरतो. नुसती भर घालायची असेल तर 50 मिलीच्या आसपास. औषधाच्या दुकानात 50 मिलीची सिरिंज मिळते, ती व्हॉल्व्हवर बसते. बाटली जोरात हलवा आणि लगेच ओता, कारण भोक बुजवणारे कण तळाशी बसतात. न हलवता ओतलं तर कण बाटलीतच राहतात आणि टायरमध्ये नुसता पातळ द्रव जातो. दोन कंपन्यांची सीलंट एकत्र करू नका, एकमेकांत मिसळून गोठू शकतात. मोटारसायकलच्या टायरमध्ये घालतात ते घट्ट जेलही नको. ते रबरावर तेलकट थर सोडतं आणि पुढे पॅच चिकटत नाही.

भरल्यावर चाक फिरवा, मग आडवं करून बादलीवर पंधरा मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या बाजूने पंधरा मिनिटं. त्याशिवाय साइडवॉल आणि कड ओली होत नाही. त्यानंतर पांदण रस्त्याने चार-पाच किलोमीटर चालवून आणा. एवढ्यानेच रोजची गळती थांबलेली मी पुष्कळदा बघितली आहे.

काटे

इथले काटे सगळे सारखे नाहीत, आणि त्यांना उपायही सारखा नाही.

सराट्याचा काटा आखूड. त्याने पडलेलं भोक सीलंट सहज बुजवतं. वावराच्या धुऱ्यावरून गेलं की टायरला दहा-वीस सराटे लागलेले असतात. उपटून टाका, चाक फिरवा, झालं. बोरीचा आकडेबाज काटाही फार खोल जात नाही.

बाभळीचा काटा मात्र लांब, सरळ आणि ठिसूळ. तो आत जातो आणि वरून मोडतो. टोक टायरच्या रबरातच राहतं, बाहेरून फक्त एक काळा ठिपका दिसतो. टायर दर फेऱ्याला दबतं, तेव्हा ते टोक हलतं आणि बुजलेलं भोक परत उघडतं. सीलंट भरपूर आहे, तरीही त्याच जागी ओल येत राहते, असं असेल तर आत बाभूळ किंवा हिवर आहे असं समजा. जाड सुईने उकरून टोक वर आणा आणि बारीक चिमट्याने सरळ ओढा. ओढताना भोक खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे सीलंट लगेच तिथे पोचेल.

पऱ्हाटीचा किंवा तुरीचा कापलेला खुंट हा तिसरा प्रकार. तो काट्यासारखं भोक पाडत नाही, कापतो. तीन-चार मिलिमीटरचं भोक बहुधा सीलंटच्या आवाक्याबाहेर जातं. त्याला सायकलसाठीची बारीक प्लग-बत्ती लावा. कारच्या टायरची जाड बत्ती लावू देऊ नका. ती घालण्याआधी भोक खरवडून मोठं करतात. कारच्या जाड टायरला ते चालतं, सायकलच्या पातळ टायरचे धागे मात्र तुटतात.

टायर पुढे कधी उतरवावंच लागलं तर आतून पुसून कोरडं करा आणि कापसाचा बोळा हळूहळू सगळीकडे फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. बोट फिरवू नका, काटा बोटात जातो.

टायरची कड

फेस कडेवर येत असेल तर हवा सोडून त्याच बाजूची कड आत ढकला. रिमच्या ओठावर आणि टायरच्या कडेवर वाळलेलं सीलंट व काळी माती साचलेली असते. आपली काळी माती ओली असताना मेणासारखी बसते आणि वाळल्यावर खडबडीत थर होतो, त्याखालून हवा वाट काढते. ओल्या फडक्याने आणि नखाने साफ करा, धातूने खरवडू नका. मग साबणाचं पाणी लावून एकदम हवा भरा. कड 'टक, टक' आवाज करत जागेवर बसली पाहिजे. साइडवॉलवर कडेलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की कड बसली.

साध्या पंपाने हे जमलं नाही तर कोर काढून पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरावं लागतं. प्रेस्टासाठी लहान पितळी अडॅप्टर सोबत न्या. आणि दुकानदाराला आधीच सांगा, "भाऊ, हवा मी भरतो, तुम्ही फक्त पाइप द्या." ट्रकच्या टायरला लागणारा दाब त्या टाकीत असतो. सायकलचं टायर क्षणात कमाल आकड्याच्या पुढे जातं आणि रिममधून उडतं. थोडी भरा, सोडा, बघा, परत थोडी भरा. चेहरा चाकापासून लांब ठेवा. कमाल आकडा गाठूनही कड बसली नाही तर थांबा, हवा सोडा, साबण परत लावा. आकडा ओलांडू नका.

रिम टेप

हे काम तासभराचं आहे आणि एकदा नीट केलं की दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. टेप ट्यूबलेसचीच हवी, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद. वायरमनची काळी टेप उन्हात मऊ होऊन सरकते आणि खोक्यांची तपकिरी टेप सीलंटने सुटते. दोन्ही नकोत.

जुनी टेप काढून रिम स्पिरिटने पुसा. टेप न चिकटण्याचं कारण बहुधा राहिलेला गोंद किंवा बोटांचं तेल असतं. व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडं अलीकडून सुरुवात करा, ताणून लावत जा, आणि भोक ओलांडून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे संपवा, म्हणजे भोकावर दोन थर येतील. स्पोकच्या भोकांवर अंगठ्याने दाबत जा. व्हॉल्व्हसाठी टेप कापू नका. तापवलेल्या बारीक खिळ्याने लहान गोल भोक पाडा. कापलेली चीर पुढे वाढत जाते, वितळलेल्या भोकाची कड फाटत नाही.

मग टायरमध्ये साधी ट्यूब टाकून 30 पीएसआय भरून रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून दाबून बसवते. सकाळी ट्यूब काढा, व्हॉल्व्ह लावा, सीलंट भरा.

इथे थांबा

रिमला तडा असेल, विशेषतः स्पोकच्या भोकाभोवती, तर सायकल चालवणंच थांबवा. कार्बनच्या रिमला दगडाचा जोरदार मार बसला असेल तर तडा दिसत नसला तरी दाखवून घ्या. रिमची कड दबलेली असेल तर पक्कडीने सरळ करू नका, ॲल्युमिनियम तिथेच तुटू शकतं. साइडवॉलच्या चिरेतून धागे दिसत असतील, टायरची कड उसवली असेल, किंवा नेहमीच्या हवेवर टायर रिममधून सुटत असेल, तर टायर बदला. प्लग लावून घाट उतरू नका. आणि टेप नीट दोनदा बदलूनही निपलमधून फेस येत असेल तर दोष बहुधा रिमच्या जोडात आहे, तो घरी सुटणार नाही.

अशा वेळी अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या सायकल दुकानात ट्यूबलेसचं काम करतात का, तुमच्या रिमच्या रुंदीची टेप आहे का, हे फोनवर विचारूनच निघा. सगळी सायकल न्यायची गरज नाही. फक्त चाक एसटीच्या पार्सलने पाठवलं तरी चालतं. पाठवण्याआधी हवा सोडा, डिस्क ब्रेकच्या चकतीवर पुठ्ठा बांधा, गळतीच्या जागी खूण करा, आणि तुम्ही काय काय तपासलं ते कागदावर लिहून स्पोकला बांधा.

चाक परत येईपर्यंत दुसऱ्या टायरमध्ये ट्यूब टाकून काम भागवायचं असेल, तर आधी कापसाचा बोळा फिरवून त्या टायरमधली सगळी टोकं काढा. सीलंटमुळे जी टोकं इतके दिवस निमूट होती, ती ट्यूबला पहिल्याच किलोमीटरला भोकं पाडतात.